रडक्या बाळाचा चार्ज

आमच्या घरमालकांना आवाज अजिबात खपत नसे, आणि त्यांना ऐकूही येत नसे. या दोन गोष्टी एकाच माणसात गुण्यागोविंदाने राहू शकतात, हे मला देवळाली कॅम्पात राहायला गेल्यावर कळलं.

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघायला गेलो, तेव्हा त्यांनी आम्हा नवराबायकोला अंगणात शेजारी शेजारी उभं केलं आणि नियम सांगितले. टीव्ही मोठ्याने लावायचा नाही. जिन्यावर चपला वाजवायच्या नाहीत. मिक्सर दिवसातून एकदाच. माझा नवरा नम्रपणे म्हणाला, "काका, आम्ही दोघंच असतो. आवाज करायला घरात तिसरं कुणी नाही."

"काय?"

"दोघंच असतो!"

"मग ओरडता कशाला? ऐकू येतं मला."

गल्लीत सगळे त्यांना सुभेदार म्हणत. प्रत्यक्षात ते तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पुढची बढती त्यांना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने दिली होती आणि ती त्यांनी मोठ्या विनयाने, म्हणजे एकदाही दुरुस्त न करता, स्वीकारली होती. काकू मात्र त्यांना हवालदारच म्हणत. चारचौघांत जरा जास्तच स्पष्ट म्हणत.

मिशा पांढऱ्या, गालांच्या बाहेर गेलेल्या, आणि घरच्या तुपाने वळलेल्या. खाली खाकी हाफपँट, कॅनव्हासचे बूट. ऐकू येत नाही हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते हल्ली लोकच पुटपुटत बोलतात, कारण लोकांच्या छातीत दम राहिलेला नाही. मुलाने महागाचं कानाचं मशीन आणून दिलं होतं, ते सणावारी दागिना घालावा तसं कधीमधी कानात दिसे. तिकडे रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरत, रॅकमधल्या ताटल्या वाजत. काका अंगणात बूट काढून अनवाणी उभे राहत आणि डोळे मिटून निकाल देत, "नवीन पोरं आहेत. घाई करतायत." कानाने नव्हे, तळपायाने ऐकत असत बहुतेक. त्यांचा निकाल चूक की बरोबर हे सांगायला कुणी येणार नव्हतं, त्यामुळे तो कायम बरोबर असे.

वर्षभरात तिसरं माणूस आलं. मुलगी झाली तेव्हा प्रसूतिगृहातल्या नर्स एकमुखाने म्हणाल्या, "किती शांत बाळ आहे हो तुमचं!" तेव्हापासून मी नर्सच्या बोलण्यावर विश्वास ठेवणं सोडून दिलं.

बाळ घरी येऊन थोडे दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी, देवाजवळ दिवा लावायला आणि तिने भोकाड पसरायला एकच गाठ पडली. त्यानंतर ती वेळ तिने कधी चुकवली नाही. गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या, तोंड पिकल्या टोमॅटोसारखं लाल. पाजलं तरी रडे, पाजलं नाही तरी रडे. खांद्यावर टाका, मांडीवर घ्या, झोळीत घाला. झोळीत तर असं रडे की झोळी बांधणाऱ्यालाच अपराधी वाटावं. गंमत म्हणजे दुपारी ती तोफांच्या आवाजात गाढ झोपायची. मी स्वयंपाकघरात चमचा खाली ठेवला की उठायची.

डॉक्टरांनी तपासलं, वजन केलं, पोट दाबून पाहिलं. "कॉलिक आहे, पोटात कळ येते. बाळ अगदी छान आहे. तीन-साडेतीन महिन्यांचं झालं की आपोआप थांबेल."

"तोवर काय करायचं?"

"पेशन्स ठेवा."

तो कुठल्या मेडिकलमध्ये मिळतो, हे विचारायचं राहून गेलं.

औषध नाही म्हटल्यावर उपाय सुरू झाले. सासूबाई नांदगावहून आल्या होत्या. त्यांचं निदान पहिल्या संध्याकाळीच तयार होतं. "दिष्ट लागली हाय लेकराला. लय गोरीगोमटी ना!" लेक त्या वेळी जांभळी पडली होती, पण आजीच्या नजरेला नजर लागत नाही. मीठमोहरी ओवाळून झाली, पोटाला ओव्याचा शेक झाला, बेंबीभोवती हिंग झाला. घरात बाळ कमी आणि फोडणी जास्त वाटायला लागली.

माझा नवरा अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्याने प्रश्न शास्त्रीय पद्धतीने हाती घेतला, म्हणजे मोबाइल हाती घेतला. कुठल्याशा व्हिडिओत एक परदेशी बाई सांगत होती की बाळांना घरघर असा एकसुरी आवाज आवडतो. त्याने आधी धबधब्याचा आवाज लावला, मग हेअर ड्रायर आणला, शेवटी रिकामा मिक्सर फिरवला. खोलीत धबधबा, मिक्सर, सासूबाईंचा जप आणि मुलगी असे चौघे एकदम सुरू होते. मुलगी पहिली आली.

मला धाकधूक एकच, की आता खालून घरमालक येणार. आवाजाचा एकही नियम मोडायचा शिल्लक राहिला नव्हता. पण काका आलेच नाहीत. समोरच्या बंगल्यातले लोक गॅलरीत येऊन बघून गेले, पलीकडचा कुत्रा आमच्या मुलीच्या सुरात सूर मिसळायला लागला, आणि काका आमच्या बरोबर खालच्या खोलीत शांतपणे पेपर वाचत बसलेले असत.

शेवटी आले ते सासूबाई नांदगावला परत गेल्यावर. दारात उभे, कानात मशीन, चेहरा गंभीर. मला वाटलं, झालं, आता खोली सोडा म्हणणार.

"तुमच्याकडे बाळ रडतं, असं आमची म्हणाली."

"हो काका. सॉरी. रोज संध्याकाळी…"

"मला का नाही सांगितलं?"

आमच्या अख्ख्या लॅम रोडला कळलं होतं.

त्यांनी बाळाकडे बराच वेळ पाहिलं. मग पंजे पुढे केले. "चार्ज द्या."

मी दिला नाही. एक तर त्या मिशा. शिवाय कुठल्याही आईला असतो तसा मला गर्व होता, की जे मला जमत नाही ते हाफपँटीतल्या माणसाला कसं जमेल? त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. त्या दिवशी फक्त सूचना देऊन गेले. वांगं बंद. हरभऱ्याची डाळ बंद. बटाटा, कोबी, गवार बंद. "आईच्या पोटातला दारूगोळा दुधातून पोरात जातो." त्यांच्या यादीनंतर माझ्या ताटात वरणभात आणि दुधी एवढेच उरले, आणि तेही एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. आठवडाभर मी दुधी खाल्ला. मुलीवर परिणाम शून्य. मी मात्र संध्याकाळी तिच्याबरोबर रडायला लागले.

मी अशी रडत असतानाच ते दुसऱ्यांदा आले. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते, मुलगी मांडीवर ताठ होऊन किंचाळत होती, नवरा दुसऱ्या पाळीला गेलेला. काका पायऱ्या चढून आले, शर्टाच्या खिशाची गुंडी लावली आणि म्हणाले, "चार्ज."

या वेळी मी दिला.

त्यांनी तिला खांद्यावर घेतलं नाही, कुशीतही घेतलं नाही. डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत पालथी घातली. डोकं कोपराच्या वळणात, तोंड बाहेर, पोट हातावर, दोन पाय मनगटाच्या दोन बाजूंना लोंबलेले. फांदीवर निजलेल्या मांजरासारखी दिसत होती. उजवा पंजा पाठीवर. आणि चालायला लागले. फाटक ते पाण्याची टाकी, टाकीला वळसा, जास्वंदीपर्यंत, परत फाटक. परेडची चाल नव्हे, घाई नाही, थांबणं नाही. ती त्यांच्या हातावर हंबरडा फोडत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. भाजी घेऊन चाललेला माणूस यापेक्षा जास्त काळजीत दिसतो.

बऱ्याच फेऱ्या झाल्या. मग किंचाळण्याचं रडणं झालं, रडण्याची कुरकुर झाली, आणि मग काहीच ऐकू येईना. मी पायरीवरच भिंतीला टेकून झोपून गेले. जाग आली तेव्हा काकू माझ्या अंगावर शाल घालत होत्या आणि काका अजून चालत होते.

"चालू तोफेसमोर उभं राहायचं नसतं," त्यांनी मला ज्ञान दिलं. "बाजूला उभं राहायचं. तुम्ही लोक समोर उभे राहता."

यानंतर रोज संध्याकाळी चार्ज दिला-घेतला जाऊ लागला. ते तिला 'जवान' म्हणत. गल्लीतल्या बायका फाटकापाशी थांबून बघत आणि माझ्याकडे वळून म्हणत, "आजोबांच्या हाताला गुण आहे बाई!" म्हणजे माझ्या हाताला काय आहे, ते सांगायची गरज नव्हती. नऊ महिने वाढवली मी, दुधी खाल्ला मी, आणि गुण तोफखान्याचा. मी पडद्याआडून बघत बसे, की हा माणूस नेमकं करतो काय. तसंच पालथं धरून मीही चालून पाहिलं. दोन मिनिटांत माझे खांदे कानाला लागत, दात आवळले जात, आणि ती आणखी पेटे.

गुपित काकूंनी फोडलं, तेही मेथी निवडता निवडता. "अगं, कसला गुण? मशीन काढून खिशात घालतात ते. त्यांच्या लेखी ती रडतच नसते."

म्हणजे खिशाची गुंडी त्यासाठी होती! मला इतका संताप आला की अर्धी मेथी मी देठांसकट भांड्यात टाकली. ज्याला ऐकूच येत नाही, त्याने शांत राहण्यात काय शौर्य?

दुसऱ्या दिवशी मी कापसाचे दोन बोळे केले, कानात घातले आणि काका यायच्या आधीच तिला हातावर घेतलं. आवाज पार गेला नाही, पण भिंतीपलीकडच्या घरातून आल्यासारखा लांब गेला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तिचं तोंड दिसलं. तोवर मला फक्त आवाज दिसत होता. हनुवटी थरथरत होती, ओठांच्या कडेला दुधाचा थेंब होता, आणि ती माझ्यावर रागावलेली वगैरे काही नव्हती. तिला कळत नव्हतं आपल्याला काय होतंय, एवढंच. माझे खांदे आपोआप खाली आले. ती त्या दिवशी लगेच थांबली असं नाही. पण माझ्या हातावर थांबली.

काका वर आले, माझ्या कानातला कापूस त्यांनी पाहिला, मी त्यांचा खिसा पाहिला. दोघांनीही त्या विषयावर पुढे कधीही चर्चा केली नाही.

आता मुख्य गोष्ट. ती काका सांगत तशी नाही, झाली तशी सांगते.

एका संध्याकाळी दिवा लावला आणि मुलगी रडली नाही. मी वाट पाहिली. उदबत्ती संपली तरी घरात शांतता. मी इतकी हरखले की कारखान्यात नवऱ्याला फोन केला. "आज रडलीच नाही!" तो म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं ना, मी मेडिकलमधून आणलेल्या त्या नव्या थेंबांनी फरक पडेल." मी काकांना जिन्यावरूनच खूण केली की आज सुट्टी. पण ड्यूटी म्हणजे ड्यूटी. ते वर आले, खिशाची गुंडी लावली, तिला हातावर घेतलं आणि खाली उतरले.

दोन फेऱ्या झाल्या आणि ते थांबले. टाकीजवळ उभे राहून त्यांनी तिचं पाऊल अंगठ्याने दाबलं. पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे आले.

"ही लढत नाहीये."

"झोपलीय काका. झोपू द्या ना, एक दिवस."

"रोज मनगटावर लाथा मारते. आज लोंबतेय नुसती." त्यांनी हात पुढे केला. "आणि हाताला भाजतेय."

मी कपाळाला हात लावला. कोमट वाटलं. मला कोमटच वाटायला हवं होतं. इतक्या दिवसांनी मिळालेली शांतता कोण परत देईल? मी बोलायला लागले. डॉक्टर म्हणालेच होते आपोआप थांबेल म्हणून, दिवसभर उकाडा होता, दुपारी नीट झोपली नव्हती, नुसतं उठवून दवाखान्यात नेलं तर पुन्हा रडायला लागेल. बरंच बोलले, आणि मुद्देसूद बोलले.

काकांनी यातला एक शब्दही ऐकला नाही. मशीन खिशात होतं. मी बोलत होते आणि ते पाठ फिरवून फाटकाबाहेर गेले होते, एका हातावर बाळ, दुसऱ्या हाताने रिक्षा अडवत. अडवत म्हणजे रस्त्याच्या मधोमध उभे राहून. मी चप्पल न घालताच धावले. काकू मागून माझी पर्स आणि दुपटं घेऊन आल्या आणि रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "ते ऐकत नाहीत गं कुणाचं." आयुष्यभराची तक्रार होती ती, पण त्या दिवशी त्यांनी ती वेगळ्याच सुरात केली.

नाशिकरोडच्या बाळांच्या दवाखान्यात काकांनी असा आवाज लावला की नंबर लावून बसलेली माणसं उठून उभी राहिली. आत ताप मोजला. माझ्या हाताला कोमट वाटलेली मुलगी तापाने फणफणली होती. डॉक्टर तरुण होत्या, त्यांनी विचारलं, "दूध कधीपासून कमी पितेय?" मला आठवेना. शांत आहे याच आनंदात मी होते. एवढ्याशा हातात सुई घालताना तिने फक्त तोंड वेडंवाकडं केलं. आवाज आला नाही. ज्या आवाजासाठी मी कापसाचे बोळे केले होते, त्याची मी त्या टेबलापाशी उभी राहून वाट बघत होते.

"लघवीचं इन्फेक्शन दिसतंय," तपासण्या आल्यावर डॉक्टर म्हणाल्या. "इतक्या लहान बाळांमध्ये पटकन पसरतं. आज आणलंत ते बरं केलंत. उद्यावर टाकलं असतंत तर कठीण होतं."

नवरा कारखान्यातून तसाच गणवेशात आला. आम्ही दोघं आत बसलो. काकांना घरी जा म्हणून सांगितलं, पण ते सांगणं कुणाला ऐकू येणार होतं? ते बाकावर ताठ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन खिडकीतून आत आलं तेव्हा तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, गुडघे पोटाशी घेतले आणि जे भोकाड पसरलं! तसं ती त्याआधी कधी रडली नव्हती. नर्स धावत आली. नवरा हसत होता की रडत होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. मी दार उघडून बाहेर पाहिलं. काकू काकांचा दंड हलवून, तोंड मोठं करून सांगत होत्या, "रडतेय! रडतेय ती!"

काकांनी खिशाची गुंडी काढली. मशीन कानात घातलं. ते आधी शिट्टीसारखं वाजलं, मग गप्प झालं. मान जराशी वाकडी करून ते ऐकत राहिले. मी तिला तसंच रडू दिलं, थोडा वेळ. त्यांचं ऐकून होईपर्यंत.

"हां," ते म्हणाले. "आता बरोबर फायर होतंय." आणि मिशा पुसायचं निमित्त करून पलीकडे वळले.

हे इथे थांबलं असतं तर आम्ही त्यांना थोर मानून मोकळे झालो असतो. पण काका थांबणाऱ्यांतले नव्हते. आठवडाभरात किराणा दुकानात गोष्ट वाढायला लागली. आधी त्यांनी ताप ओळखला होता, मग इन्फेक्शन ओळखलं, मग डॉक्टरांना औषधही सुचवलं. गल्लीतल्या बायका आपापली रडकी बाळं घेऊन फाटकाशी येऊ लागल्या. काका एकेकाचा चार्ज घेत. बहुतेक बाळं थांबत नसत. एकाने त्यांच्या हाफपँटीचा कायापालट केला, एकाने तुपाच्या मिशीला लोंबकळून काकांनाच रडकुंडीला आणलं. थांबलं नाही तर काका बाळ परत देत आणि सांगत, "याचा दोष नाही. आई समोर उभी राहतेय." थांबलं तर अर्थात हाताचा गुण.

आमच्या मुलीचं संध्याकाळचं रडणं पुढे डॉक्टर म्हणाले होते त्याच सुमाराला, कुणालाही न विचारता, थांबलं. नवऱ्याच्या मते थेंबांनी. सासूबाईंनी फोनवर सांगितलं की त्यांनी नांदगावला बसल्या बसल्या दिष्ट काढली होती. काकांनी तर कार्यमुक्तीचा समारंभच केला. अंगणात तिला दोन्ही हातांवर उचलून माझ्या स्वाधीन केलं आणि ठणठणीत आवाजात जाहीर केलं, "जवान फिट. चार्ज परत." काकूंनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हात रिकामे नव्हते.

त्यानंतर आम्ही पाथर्डी फाट्याकडे राहायला गेलो. नवऱ्याला कारखाना जवळ पडावा म्हणून. निघताना काकांनी खोलीची तावदानं तपासली, नळ तपासला, आणि पुढच्या भाडेकरूंना लहान मूल असेल तर चालेल का, असं मी विचारल्यावर म्हणाले, "आवाज चालणार नाही."

मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचं बोलावणं करायला आम्ही त्यांच्याकडे गेलो. ती तेव्हा भिंत धरून उभी राहायला लागली होती. काका दारात आले. मिशा नुकत्याच वळलेल्या, चेहरा आनंदाने फुललेला, दोन्ही पंजे पुढे. गल्लीतली दोन-चार माणसं जमली होती, त्यांनाही काकांनी मुद्दाम हाक मारून बोलावलं होतं. मुलीने त्या मिशांकडे पाहिलं. हनुवटी थरथरली. मुठी आवळल्या गेल्या. आणि मग माझ्या गळ्याला मिठी मारून ती असं काही किंचाळली की समोरच्या बंगल्यातले लोक जुन्या सवयीने गॅलरीत आले.

मी ओशाळले. नवरा तिला चुचकारायला लागला. काकू हळूच म्हणाल्या, "हवालदार, मागे व्हा जरा, घाबरली ती."

काका एक पाऊलही मागे झाले नाहीत. अभिमानाने सगळ्या गल्लीकडे वळले.

"बघितलंत?" ते म्हणाले. "ओळखलं मला!"